फॉरवर्डचे सतरावे वर्ष

गेल्या जूनमध्ये, कॉलेज नुकतेच सुरू झाले असताना, कोल्हापूरहून मामांचा फोन आला. मामांचे शिवाजी उद्यमनगरात छोटेसे वर्कशॉप आहे. एक लेथ आहे, दुसरा घेण्यासाठी तीन वर्षे पैसे साठवले आहेत. धाकटा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, साडेसोळा वर्षांचा असून अकरावीत आहे. पेठेतल्या तालमीच्या मुलांच्या संघात तो पुढच्या फळीत खेळतो. एका शालेय स्पर्धेत त्याने पाच सामन्यांत अकरा गोल केले. ते पाहून परगावच्या एका खाजगी अकादमीने निरोप धाडला, की मुलगा आमच्याकडे पाठवा, याच्यात फार मोठे भवितव्य आहे. वर्षाची फी अडीच लाख. म्हणजे बरोबर दुसरा लेथ.

"तुझ्या घराच्या म्हागं वर्ल्डकप झाला, तू कालेजात मानसशास्त्र शिकतोस, तवा तूच सांग," मामा म्हणाले. "पोरात काय हाय का न्हाई?"

मला हसू आले आणि भीतीही वाटली. मी नेरूळला राहतो, गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. पण दिव्यांच्या जवळ राहिल्याने कोणी खेळाचा जाणकार होत नाही. तरीही मामांना 'मला काय कळतंय' असे सांगून मोकळे होता येईना. तेव्हा सतरा वर्षांच्या फॉरवर्डचा अंदाज कशावरून बांधावा, याचा मी सहा महिने जमेल तसा अभ्यास केला. त्यातून हाती लागलेले काही वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादा भाऊ, पुतण्या, शेजारचा मुलगा असतोच, की ज्याच्याविषयी सारी चाळ म्हणते, "हा पुढे जाणार!"

सुरुवात एका संध्याकाळपासून करतो. २५ ऑक्टोबर २०१७, बुधवार. दिवाळी नुकतीच झाली होती, भाऊबीजेला आलेले मामा अजून आमच्याकडेच होते. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना नेरूळला होता, स्पेन विरुद्ध माली. मी तेव्हा सातवीत होतो. बाबांनी तिकिटे काढली आणि आम्ही तिघे गेलो. स्पेनचा कप्तान आबेल रुईस हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड. त्याने पहिल्या अर्ध्या डावात दोन गोल केले, त्यांतला एक पेनल्टीवर. दुसऱ्या अर्ध्या डावात फेरान तोरेस नावाच्या बाजूने पळणाऱ्या मुलाने तिसरा गोल केला. मालीतर्फे लासाना एन्दियाये याने एक फेडला. ३-१.

मी अर्थातच रुईसच्या नावाने ओरडत होतो. मामा मात्र एकटक दुसरीकडेच पाहत होते. मध्यंतरात मी विचारले, "मामा, नऊ नंबर भारी आहे ना?" ते म्हणाले, "भारी हाय की. पर त्यो बाजूचा बघ. बॉल न्हाई त्येच्याकडं, तरी बॅक त्येच्याकडंच बघतोय." मला त्यातले काही कळले नाही.

आज त्या स्पर्धेचा हिशेब मांडला तर तो असा. सर्वांत जास्त गोल, म्हणजे ८, इंग्लंडच्या रियान ब्रूस्टरचे. त्याने उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा लागोपाठच्या दोन सामन्यांत प्रत्येकी तीन गोल केले, त्यांतला दुसरा सामना तर ब्राझीलविरुद्ध. त्याखालोखाल एन्दियाये आणि रुईस, प्रत्येकी ६. तोरेसचे नाव या यादीत वर कुठेच नाही. आता पुढे काय झाले पाहा. ब्रूस्टरला काही महिन्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये, घोट्याला आणि गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि वर्षाहून अधिक काळ तो मैदानाबाहेर होता. २०२० मध्ये स्वान्सीकडून त्याने पुन्हा चांगले गोल केले. त्या जोरावर शेफील्ड युनायटेडने त्याला मोठी किंमत देऊन घेतले, आणि २०२०-२१ च्या हंगामात प्रीमियर लीगच्या २७ सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल लागला नाही. एन्दियाये मॉस्कोच्या सीएसकेए क्लबकडे गेला, पण त्या सहा गोलांनी जे सुचवले होते ते घडले नाही. रुईस बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघातून पोर्तुगालच्या ब्रागाकडे, तिथून २०२४ साली जिरोनाकडे गेला. मधल्या काळात पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्णपदकही त्याला मिळाले, म्हणजे त्याचे वाईट मुळीच झाले नाही. आणि तो बाजूने पळणारा तोरेस? व्हॅलेन्सिया, मँचेस्टर सिटी, मग बार्सिलोना आणि २०२४ मध्ये युरोपचा चषक जिंकणारा स्पेनचा संघ.

मामांनी ते ओळखले होते, असे मी म्हणणार नाही. तोरेस मोठा होईल असे ते म्हणाले नव्हते; त्याच्याकडे बघ, एवढेच म्हणाले होते. पण एक गोष्ट या हिशेबातून निघते. ज्या आकड्यावर आपण सर्वांत अधिक विसंबतो, तो गोलांचा आकडा, सतराव्या वर्षी सर्वांत कमी सांगतो.

असे का व्हावे? पहिले कारण साधे आहे. संख्या फार लहान असते. पाच-सात सामन्यांतले अकरा गोल म्हणजे काय? दोन पेनल्टी, एका कच्च्या संघाविरुद्ध पाच, गोलकीपरच्या हातून निसटलेला एक, उरले तीन. फलंदाजाचे बरे असते, त्याला शंभर चेंडू मिळतात. तिथेही पाहा, १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा कांबळी नाबाद ३४९ होता आणि तेंडुलकर नाबाद ३२६. तेवीस धावांचा तो फरक पुढची वीस वर्षे काय सांगू शकला? फॉरवर्डला तर सबंध सामन्यात गोल मारण्याजोगे दोन-तीनच चेंडू येतात, आणि ते आणून देणारे दुसरे असतात.

दुसरे कारण अंगाचे. चौदा ते सतरा या वयात मुलांची वाढ एका वेगाने होत नाही. एकाला मिशी फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो, आणि दोघांचे वर्ष मात्र एकच. ज्याची वाढ आधी झाली तो धक्का देऊन पुढे जातो, उंच उडी मारून डोक्याने चेंडू मारतो, लांब पळतो. गोल त्याचेच होतात. त्याला धक्क्याची सवय लागते आणि डोके वापरण्याची गरज पडत नाही. वीस वर्षांचा झाल्यावर समोरचा बॅकही तितकाच दांडगा असतो. मग हा चाचपडतो. आमच्या मानसशास्त्राच्या तासाला याच्याशी मिळतीजुळती एक गोष्ट निघाली होती. १९८५ साली रॉजर बार्न्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले फार आणि शेवटच्या तीन महिन्यांतले थोडे आढळले. कारण वयोगटाची मर्यादा १ जानेवारीला सुरू होई. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला चांगला शिक्षक, चांगले मैदान, जास्त सामने मिळतात. मग तो खरोखरच चांगला होतो, आणि निवडणाऱ्याला वाटते, आपली नजर अचूक होती!

नेरूळच्या त्या विश्वचषकाची मर्यादाही १ जानेवारी २०००. रुईस २८ जानेवारीचा, तोरेस २९ फेब्रुवारीचा, अमेरिकेचा फॉरवर्ड जॉश सार्जंट २० फेब्रुवारीचा, ब्रूस्टर १ एप्रिलचा. चार नावांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला कळते, परंतु यादी वाचून गंमत वाटली खरी. आपल्याकडे तर जन्मदाखल्याची आणखी एक भानगड असते, तिच्याविषयी न बोललेले बरे. जगातही ती होतीच. म्हणून २००९ पासून या विश्वचषकात मनगटाच्या एमआरआयवरून वय पारखतात.

मामेभावाची जन्मतारीख मी मामींना विचारली. नोव्हेंबर. मामींना वाटले मी पत्रिका पाहतो आहे.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळू, कारण परदेशी नावे घेऊन फार दूर जाता येत नाही. त्याच २०१७ च्या विश्वचषकात भारताचा संघ यजमान म्हणून प्रथमच उतरला. त्या एकवीस मुलांत कोल्हापूरचा एक फॉरवर्ड होता, अनिकेत जाधव. जन्म १३ जुलै २०००. कोल्हापूर, मग पुण्याची क्रीडाप्रबोधिनी, मग राष्ट्रीय शिबिर, असा त्याचा प्रवास. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे इथल्या वाचकांना सांगायला हवे. तिथे क्लब नसतात, तालमी असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. नावे कुस्तीची आणि खेळ फुटबॉलचा. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या, की दुकाने लवकर बंद होतात. तिथल्या मुलाला हजारो लोकांच्या आरड्याओरड्यात खेळण्याची सवय बाराव्या वर्षीच होते. नसते ती गोष्ट निराळी: बारमाही गवत, वयोगटाप्रमाणे नियमित साखळी सामने, आणि सोळाव्या वर्षानंतरचा रस्ता.

दिल्लीतल्या तीन सामन्यांत भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा हरला. एकमेव गोल जिक्सन सिंगचा. तो मिडफिल्डर, आणि तोही कॉर्नरवर डोक्याने. म्हणजे आपल्या एकाही फॉरवर्डचा गोल नाही. यावरून आपल्या फॉरवर्डविषयी काय ठरवाल? माझ्या मते, काहीच ठरवता येत नाही. ज्या संघाकडे चेंडूच नसतो, त्या संघाचा फॉरवर्ड म्हणजे दुष्काळातला कुळवाडी. त्याची मेहनत पिकावरून मोजू नये. अशा सामन्यात त्याचे काम काय असते? एकट्याने दोन-तीन बॅकांना गुंतवून ठेवायचे, मागून लांब मारलेला चेंडू छातीवर घेऊन जोडीदार येईपर्यंत राखायचा, आणि चेंडू गेला की पुन्हा त्याच्यामागे धावायचे. यातले काहीही धावफलकावर येत नाही.

महिन्याभराने काय झाले तेही पाहा. त्याच मुलांचा 'इंडियन ॲरोज' हा संघ आय-लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध उतरवला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० ने हरवले, आणि त्यांतले दोन गोल अनिकेतचे. मुलगा तोच, पाय तेच, फरक एवढाच की या वेळी संघाकडे चेंडू होता. विश्वचषकावरून त्याला नापास करणारा चुकला असता, आणि या एका सामन्यावरून त्याला डोक्यावर घेणाराही चुकला असता. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कॉतिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ ने हरवले. साऱ्या देशाने पेढे वाटले. त्या सामन्यात अनिकेतला ५४ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सामना भारत दहा जणांनी खेळला. अठराव्या वर्षीचे हे कार्ड वाईट म्हणायचे का? मी मामांना विचारले. त्यांचे उत्तर: "अठराव्या वर्षी कार्ड न्हाई मिळालं तर कवा मिळायचं?" मला हे सर्वस्वी पटत नाही. राग हा फॉरवर्डचा शत्रू आहे. पण राग नसलेला फॉरवर्डही मी अजून पाहिलेला नाही.

त्यानंतर इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये त्याला काही काळ सरावाची संधी मिळाली (हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीज कंपनीच्या मालकीचा, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते). मग इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा. २०२१-२२ साली हैदराबादने ती लीग जिंकली. त्या हंगामात ईस्ट बेंगॉलवर ४-० असा विजय मिळवताना एक गोल अनिकेतचा होता. मार्च २०२२ मध्ये वरिष्ठ भारतीय संघासाठी प्रथमच बोलावणे आले. कोल्हापूरच्या एका मुलासाठी हे थोडे नव्हे. पण लीगमधले त्याचे गोल मोजकेच, आणि क्लबांनी त्याला बहुतेक वेळा मध्ये न खेळवता बाजूला, विंगवर खेळवले.

इथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे असे माझे मत झाले आहे. सतराव्या वर्षी 'सेंटर फॉरवर्ड' म्हणून निवडलेला भारतीय मुलगा एकविसाव्या वर्षी विंगवर का दिसतो? तो बिघडला म्हणून? इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. त्यानंतर २०२४-२५ पर्यंत एकाही हंगामात सर्वाधिक गोल भारतीयाच्या नावावर नाहीत. कोरोमिनास, वाल्स्किस, ओगबेचे, दियामांताकोस, अजाराई, सारे परदेशी. सुरुवातीला एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानावर चालत, २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. क्लबाचा मालक पैसे मोजून परदेशी खेळाडू आणतो तो गोल मारण्यासाठी, गोल अडवणारा त्याला इथेच मिळतो. म्हणजे मधली नऊ नंबरची जागा आधीच भरलेली. वीस वर्षांच्या भारतीय मुलाला उरतो बाकडा, नाहीतर बाजूची पट्टी. शहाणा मुलगा पट्टी निवडतो, निदान खेळायला तरी मिळते! पण विंगवर खेळून गोल मारण्याची नजर तयार होत नाही. ती सवय दर आठवड्याला पेटीत उभे राहून, चुकून, पुन्हा चुकून लागते. सुनील छेत्रीचे ९४ आंतरराष्ट्रीय गोल झाल्यावर २०२४ च्या जूनमध्ये त्याने निवृत्ती घेतली, आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या त्याच माणसाला परत बोलवावे लागले. त्याने येऊन मालदीवविरुद्ध गोल केला, ही त्याची थोरवी. परंतु बोलवावे का लागले, याचे उत्तर वरच्या यादीत आहे. होतकरू मुलांसाठी काढलेला ॲरोज संघही २०२२ मध्ये बंद झाला.

तेव्हा कोणत्याही तरुण फॉरवर्डविषयी पहिला प्रश्न 'तो किती चांगला आहे' हा नसून 'येत्या तीन वर्षांत त्याला किती मिनिटे खेळायला मिळणार' हा असला पाहिजे, असे मी मामांना कळवले. अकादमीची इमारत, परदेशी शिक्षक, पोहण्याचा तलाव हे सगळे त्यानंतर.

ऑस्ट्रेलियात त्यांचा एक निराळाच फुटबॉल आहे. लंबगोल मैदान, दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू, चेंडू हातात घेऊन पळायचेही आणि लाथेने मारायचाही. तिथले क्लब अठरा वर्षांची मुले दरवर्षी पाळीपाळीने निवडून घेतात. पण उंच फॉरवर्ड घेतला, तर चार-पाच वर्षे त्याच्याकडून फारसे मागू नये, असा तिथे संकेत आहे. अंग भरायला आणि दोन दांडग्यांच्या मध्ये उभे राहून चेंडू झेलायची कला यायला तेवढा वेळ लागतोच, हे गृहीत धरलेले असते. इतका धीर आपल्याकडे शेतकरी आंब्याच्या कलमाला दाखवतो, पण मुलाला कोणी दाखवत नाही.

मग पाहायचे तरी काय? मी वाचले, मोबाइलवर जुने सामने पाहिले, आमच्या जिमखान्याच्या सरांशी बोललो, आणि अखेर मामांच्या त्या नेरूळच्या वाक्याशीच परत आलो: बॉल नाही त्याच्याकडे, तरी बॅक त्याच्याकडेच बघतोय. नव्वद मिनिटांच्या सामन्यात फॉरवर्डच्या पायाशी चेंडू दोन-तीन मिनिटे असतो. उरलेल्या वेळात तो काय करतो, तिथे त्याचे भवितव्य दिसते. चेंडू येण्याआधी तो मान वळवून खांद्यामागे पाहतो का? बॅकच्या नजरेआड, त्याच्या पाठीशी उभा राहतो का? पुढे पळण्याआधी दोन पावले उलटी टाकतो का? पहिल्या स्पर्शात चेंडू थांबवतो, की जिकडे जायचे तिकडे ढकलतो? डाव्या पायावर चेंडू आला तर उजव्यावर घेण्यासाठी वेळ घालवतो का? आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: सोपी संधी हुकल्यावर पुढची पाच मिनिटे तो कुठे असतो? पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहतो, की लांब बाजूला सरकून चेंडू टाळतो? गोल चुकवणारा फॉरवर्ड वाईट नसतो, कारण चुकवण्यासाठी आधी तिथे पोहोचावे लागते. पोहोचणे शिकवायला फार कठीण, मारणे त्या मानाने सोपे.

याचे डोळ्यांनी पाहिलेले उदाहरण देतो. ३० ऑक्टोबर २०२२ ला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पुन्हा नेरूळलाच झाला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले, आणि तो एक गोलही कोलंबियाच्या मुलीकडूनच चुकून स्वतःच्या जाळ्यात गेला. कोलंबियाच्या लिंडा कैसेदोला त्या दिवशी गोल करता आला नाही. पण तिच्याकडे चेंडू आला, की आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहत. ज्यांना फुटबॉलचा 'फ' माहीत नव्हता तेही. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला होता, त्यातून ती उठली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये, सतराव्या वर्षी, मोठ्या बायकांच्या कोपा अमेरिकेत ती सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली होती. पुढच्या फेब्रुवारीत, अठरा पूर्ण होताच, रेआल माद्रिदने तिला घेतले आणि २०२३ च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध तिने गोल केला. तिच्या बाबतीत अंदाज सोपा होता, कारण ती आधीच मोठ्यांत खेळत होती. सतराव्या वर्षी मुलांमध्ये अकरा गोल करणाऱ्यापेक्षा मोठ्यांमध्ये एक गोल करणाऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे, हे मी तिच्यावरून शिकलो.

पैशांचा मुद्दा राहिला. इथे माझे म्हणणे काहींना कडू वाटेल. जी संस्था मुलाला शिष्यवृत्ती देऊन ठेवून घेते, तिने आपला पैसा त्याच्यावर लावलेला असतो. नवी मुंबईतच, घणसोलीला, २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही निवासी अकादमी अशा पद्धतीने मुले निवडते. सरकारी क्रीडाप्रबोधिनीही तशीच. अशा ठिकाणी 'मुलगा होतकरू आहे' या वाक्याला वजन असते, कारण चुकले तर तोटा म्हणणाऱ्याचा होतो. याउलट जिला पालकांकडून अडीच लाख यायचे आहेत, तिला मुलगा होतकरू वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ते खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. परंतु त्यांचा अंदाज आणि त्यांची फी एकाच पाकिटातून येतात.

हे सारे मी मामांना एका लांबलचक पत्रात लिहिले. फोनवर असले बोलता येत नाही, आणि मामांना कागद आवडतो. सोबत एक विनंती केली. भावाच्या तीन सामन्यांचे मोबाइलवर चित्रण करा, पण चेंडूचे करू नका. कॅमेरा पूर्णवेळ त्याच्या एकट्यावर ठेवा. तालमीतल्या दोस्तांनी मामांची बरीच चेष्टा केली म्हणे, की चेंडू तिकडे आणि बापाचा फोन इकडे.

चित्रणे आली. पहिल्या सामन्यात भाऊ मला आवडला नाही. तो चेंडूची वाट पाहत कमरेवर हात ठेवून उभा होता. दोन गोल मात्र झाले. दुसऱ्यात गोल नाही, पण उत्तरार्धात तो तीनदा खांद्यामागे पाहून मग वळला, आणि एकदा असा वळला की मी ते चित्रण पाच वेळा मागे घेऊन पाहिले. तिसरा सामना मोठ्या गटातल्या बॅकांविरुद्ध होता. त्यात त्याला सतत खाली पाडले. एक सोपी संधी त्याने बारच्या वरून मारली, आणि त्यानंतर तो पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहिला. हे मी मामांना कळवले. ते म्हणाले, "आरं, त्यो चुकलेलाच बघितलास व्हय?" मी म्हणालो, "हो मामा, तेच बघितले."

मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. अकादमीला त्यांनी सध्या थांबायला सांगितले आहे. मुलाने बारावी पुरी करायची, या वर्षी मुलांच्या संघाऐवजी तालमीच्या मोठ्या संघाबरोबर सराव करायचा, मिळतील तेवढी मिनिटे तिथे खेळायची, असे घरात ठरले. भावाला ते पसंत नाही. गेले तीन आठवडे तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. लेथचे पैसे अजून बँकेतच आहेत. येत्या रविवारी शाहू स्टेडियमवर मोठ्या संघाचा सामना आहे, राखीव खेळाडूंत त्याचे नाव आहे. शनिवारी रात्रीच्या गाडीचे तिकीट मी काढले आहे.